विषयाबाहेर

“ब का दिला होतात, सर?”

नेने सरांनी दार अजून पुरतं उघडलंही नव्हतं. भर दुपार होती, एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं, आणि पायरीवर रणजित डुबल घामाने निथळत उभा होता. खांद्याला बॅग, हातात एक लांबट लाकडी पेटी. ना नमस्कार, ना ‘कसे आहात’. सहा वर्षांनी उगवलेला विद्यार्थी थेट मार्कांवरच आला.

“आधी बूट काढ,” सर म्हणाले.

नेने सरांनी पुण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रॉडक्ट डिझाइन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते भोरला येऊन दोन खोल्यांत एकटे राहू लागले. फळ्यावर ते कंपास न घेता वर्तुळ काढायचे. मुलं मागून कंपास लावून बघायची आणि गुपचूप जागेवर जाऊन बसायची. कौतुकाच्या बाबतीत मात्र हात भलताच आखडता. सर नुसतं ‘बरं आहे’ म्हणाले तरी पोरं घरी फोन करून सांगायची.

रणजितच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ते ‘बरं आहे’ही म्हणाले नव्हते.

प्रोजेक्ट होता एक चमचा. कंपवाताने हात थरथरणाऱ्या माणसांसाठी. रणजितने तो स्वतःच्या आईसाठीच केला होता. मुठीत पितळेचं वजन असं बसवलं होतं, की हात कितीही हलला तरी पुढची वाटी सपाट राहायची. पाच परीक्षक होते. चौघांनी अ दिला. नेने सरांनी ब दिला, कारण सांगितलं नाही आणि चहा प्यायला निघून गेले.

पुढे त्या चमच्याला देशपातळीवरचं बक्षीस मिळालं. बक्षिसाने बंगळूरची नोकरी मिळवून दिली. आज रणजितच्या हाताखाली चौदा डिझायनर होते. पण चार अ मिळवलेल्या माणसाला रुततो तो पाचवा ब. तो काही केल्या निघाला नव्हता.

“बुधवारी कॉलेजात बोलावलंय मला,” सतरंजीवर बसत रणजित म्हणाला. “‘प्रोजेक्टपासून करिअरपर्यंत.’ शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर. चमच्याचीच गोष्ट सांगा म्हणालेत.”

“मग सांग की.”

“त्याआधी तुमचं उत्तर हवंय.”

“सहा वर्षं फोन नव्हता का तुझ्याकडे?”

रणजितने पेटीवरून हात फिरवला.

“आई गेली, सर... फेब्रुवारीत.”

सर हातांची घडी घालून बसले होते. ती त्यांनी सोडली नाही. मान तेवढी खाली गेली. 

मग रणजितने पेटी उघडली. आत मऊ पांढऱ्या कापडात गुंडाळलेला चमचा होता.

“हा तिच्या कपाटात सापडला. साड्यांच्या खाली. मी ज्या कापडात गुंडाळून दिला होता, त्याच कापडात.”

सरांनी वाकून पाहिलं.

“ओरखडा नाही.”

“एकही नाही. एकदासुद्धा वापरला नाही तिने. मी फोनवर विचारायचो, आई, चमच्याने जेवतेस ना? व्हय रं बाळा, लई झ्याक हाय, म्हणायची.”

“कशाने जेवायची?”

“हातानेच. शेजारच्या काकू सांगत होत्या. ताट उचलून पार तोंडाशी धरायची म्हणे.”

“प्रोजेक्टच्या त्या व्हिडिओत तर चमच्याने शिरा खाते. हसतेसुद्धा.”

“हो.”

“कितव्यांदा हसली?”

रणजितला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. पण सरांशी खोटं बोलायची सवय त्याला कधीच लागली नव्हती.

“अकराव्यांदा,” तो म्हणाला. “उजेड नीट मिळत नव्हता.”

“अकरा वेळा शिरा खाल्ला...”

“माझ्यासाठी खाल्ला, सर! मला माहीत आहे ते!” त्याचा आवाज चढला. दोन महिने आत कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. “काय चुकलं होतं त्यात? वजन चुकलं? मूठ चुकली? तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना? मग तोंडातून शब्द का नाही काढलात? सांगितलं असतंत तर मी बदललं असतं. सहा वर्षं होती माझ्या हातात. आई होती!”

बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला. नेने सरांवर आवाज चढवणारा विद्यार्थी आजवर झाला नव्हता.

सर शांतपणे म्हणाले, “खरं आहे. सांगायला हवं होतं.”

रणजितने चमच्यावर कापड पुन्हा ओढलं.

“मला वाटलं, ब पुरेल. चिडून विचारायला येशील.”

“आलो की.”

“उशिरा आलास. आणि मी वाट बघत बसलो, ही माझी चूक.”

 भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने चूक कबूल केली की फार अवघड होऊन बसतं.

“रिपोर्ट आणलायस?”

आणला होता. काळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा, एकशेवीस पानांचा. बुधवारी मुलांना दाखवायला म्हणून बॅगेत घातला होता. सरांनी मगाचपासून घातलेली हातांची घडी पहिल्यांदाच सोडली आणि तो पुढ्यात ओढला.

उजवा हात पानावर ठेवताच पान फडफडू लागलं. त्यांनी डावा हात त्यावर दाबला. पान तरीही फडफडत होतं.

कंपवातावर एकशेवीस पानं लिहिणाऱ्याला आणखी काही पाहायची गरज नव्हती.

“सर... कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. पान एक्केचाळीस काढ. मला वेळ लागेल.”

रणजितने पान काढलं. ती आईची मुलाखत होती. सहा वर्षांत ते पान त्याने पुन्हा पाहिलं नव्हतं.

“वाच. मोठ्याने.”

“वापरकर्ती. स्त्री. वय त्रेपन्न.”

“नाव?”

“नाव लिहायचं नसतं, सर. तुम्हीच शिकवलंत.”

“हो. आज घे.”

“...वत्सला डुबल.”

“पुढे.”

“प्रश्न एक. घास तोंडाशी नेताना किती सांडतो? उत्तर, थोडा. प्रश्न दोन. चमचा धरताना बोटं दुखतात का? उत्तर, न्हाय. प्रश्न तीन...”

असे अडतीस प्रश्न होते. मुलगा विचारत होता आणि आई मुकाट्याने उत्तरं देत होती. थोडा. न्हाय. कवा कवा. तू म्हनशील तसं. रणजित वाचत गेला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण त्या दोन-दोन शब्दांत आई चांगली ऐकू येत होती.

“शेवटचा वाच.”

“प्रश्न अडतीस. वापरकर्तीला काही विचारायचं आहे का?”

तो थांबला. सरांनी घाई केली नाही.

“उत्तर... ‘ह्येचा डाव हुईल का रं? वरान वाढायचा?’”

“आणि त्याच्यापुढे काय लिहिलंयस?”

समासात निळ्या शाईने, रणजितच्या सुबक तिरक्या अक्षरात एकच शब्द होता. त्याखाली रेघही ओढली होती.

“विषयाबाहेर.”

कऱ्हाडला, तिथल्या एका कॉलेजच्या मागे रणजितच्या आईची, वत्सलाकाकूंची खानावळ होती. रणजित चौथीत असताना त्याचे वडील गेले, त्या वर्षी तिने ती सुरू केली. पोळ्या लाटायला बाई ठेवली, भाजी चिरायला ठेवली, पण वाढायला कुणाला हात लावू दिला नाही. एका हातात वरणाचं पातेलं, दुसऱ्या हातात डाव, आणि ‘आनखी वाढू का रं?’ करत ती पंगतीतून फिरायची. कुणाचा पेपर वाईट गेला, कुणाला घरची आठवण येतेय, हे तिला नुसत्या ताटावरून कळायचं. नको म्हणणाऱ्याच्या ताटात हमखास एक डाव जास्त पडायचा.

मग हात थरथरू लागला. एकदा गरम वरण एका मुलाच्या शर्टावर सांडलं. मुलगा काही बोलला नाही, पण ती तिथेच उभी राहिली. रणजित सुट्टीला आला होता. त्याने उठून तिच्या हातातला डाव घेतला.

“दे, मी वाढतो. तू बस.”

मायेनेच म्हणाला होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पुढे खानावळ बंद झाली. रणजित घरी यायचा, ती पातेलं घेऊन उठायची, तो तिच्या हातातून डाव काढून घ्यायचा. तू बस. दिवाळीत, गणपतीत, दोन दिवसांसाठी आला तरीही. आणि ती बसायची. दुसरं काय करणार होती?

“विषय जेवण्याचा होता,” रणजित म्हणाला. वाद घालायचं आता त्याच्या मनात नव्हतं, पण सवय जात नाही. “वाढण्याचा नव्हता. विषय लहान ठेवा, वाहवत जाऊ नका, असं मार्गदर्शकांनीच बजावलं होतं.”

“कोण मार्गदर्शक?”

रणजितने वर पाहिलं.

“...तुम्ही.”

“तो ब आपल्या दोघांना दिला होता मी,” सर म्हणाले.

बाहेर रस्त्याने कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. रणजितने चमचा कापडातून बाहेर काढला आणि उगाच हातात फिरवला. पितळी वजन आतल्या आत हललं. वाटी सपाट राहिली, जशी राहायला हवी होती तशीच.

“तिने डाव मागितला होता, सर,” तो म्हणाला. “आयुष्यात एकदा काहीतरी मागितलं. मी तिला चमचा दिला. आणि त्या चमच्यावर...”

 बंगळूर, बक्षीस, ते चौदा डिझायनर, सगळं त्या न बोललेल्या वाक्यात होतं.

“बुधवारी काय सांगू मी त्या मुलांना?”

सर गुडघ्यावर हात देऊन उठले.

“जेवलास?”

“भूक नाही.”

“भूक विचारली नाही मी. जेवलास का, ते विचारलं.”

“...नाही.”

सर आत गेले. भांडी वाजली, जरा जास्तच वाजली. रणजित दोनदा उठायला गेला आणि दोनदा खाली बसला. सरांनी ताट आणून त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं. भात होता, बाजूला लिंबाचं लोणचं. मग ते दोन्ही हातांनी वरणाचं पातेलं धरून आले, हळूहळू, एकेक पाऊल टाकत, आणि ताटासमोर बसले.

डाव पातेल्यात बुडाला. वर आला. पातेल्यापासून ताटापर्यंत हातभर अंतर होतं. तेवढ्यात डाव डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वरण सतरंजीवर सांडलं, फरशीवर सांडलं, रणजितच्या गुडघ्यावर सांडलं. ताटात पडलं ते चमचाभर.

रणजितचा हात आपोआप पुढे झाला.

“द्या सर, मी घेतो. तुम्ही बसा.”

डाव हवेत थांबला. म्हणजे थरथरतच होता, पण पुढे जाईना. सर रणजितकडे पाहत राहिले.

आणि रणजितला आपलंच वाक्य ऐकू आलं.

त्याचा हात तसाच राहिला, डावापासून चार बोटांवर. मग त्याने तो मागे घेतला. तोंड फिरवायला जागा नव्हती, म्हणून तो सरांच्या समोरच रडला. आई गेली त्या दिवशी पाहुण्यांची व्यवस्था बघता बघता रडायचं राहून गेलं होतं. ते आता सगळं आलं, लहान मुलासारखं, नाक ओढत.

सर थांबले. पातेल्यातली वाफ हळूहळू कमी झाली.

रणजितने बाहीने डोळे पुसले. ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पुढे केलं, पार पातेल्याच्या काठाला टेकेपर्यंत.

सरांनी पुन्हा डाव भरला. तो तसाच हलत होता. थोडं वरण रणजितच्या अंगठ्यावर पडलं, अजून चांगलंच गरम होतं. त्याने हात हलवला नाही. बाकीचं भातावर पडलं.

या वेळी कमी सांडलं.

सरांनी ताटाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“आणखी वाढू?”