न आलेला चोर

"चोर दाखव, पगार घे!" एवढं बोलून अंतोबा बक्षींनी खिडकी धाडकन लावली.

राजाच्या नोकरांना पगार वाटायचं काम या अंतोबांचं. पण त्यांच्या हातून दमडी सुटेल तर शपथ! खजिन्याचा पहारेकरी भिवा तीन महिने हात हलवत घरी येत होता. बक्षींचं म्हणणं असं, की वर्षभरात एकही चोर आला नाही, म्हणजे भिवानं काम केलंच नाही.

घरी चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं, वाणी उधार देईना, आणि हा बाबा बायकोला सांगतो, "त्यांचंबी बरोबरच हाय की गं!"

सगुणाचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती थेट दरबारात गेली.

"सरकार, चोर आला न्हाई तो माझ्या नवऱ्याच्या धाकानं!"

राजे हट्टी, त्यात बक्षींनी आधीच कान भरलेले. "असं? मग धाकानं न आलेला तो चोर उद्या इथे हजर कर! केलास तर दुप्पट पगार, नाहीतर नवऱ्याची नोकरी गेली!"

दुसऱ्या दिवशी सगुणा आली ती दोर ओढत. दोराच्या टोकाला फास, आणि फासात कोणीच नाही! तरी बाई घामाघूम. मध्येच मागं वळून दटावायची, "चल मुकाट! आता कशाला लाजतोस?"

"अगं, फास तर रिकामा!" राजे म्हणाले.

"न आलेला माणूस दिसंल कसा, सरकार?"

राजांनी मिशीत हसू दाबलं. बक्षी मात्र भडकले. "चावटपणा! कोणी नाही तिथे. सोड तो दोर!"

"सोडू म्हणता? बघा हं, बक्षीसाहेब! भिवाचा पहारा आजपासून बंद. आता याला धाक कुणाचा? खजिन्याला कुलपं सात, तुमच्या माडीला एक. हा आधी कुठं जाईल, तुम्हीच सांगा."

असं म्हणून तिनं दोर टाकला.

"अगं धर! धर मेल्याला! पळाला!" बक्षी किंचाळले आणि पागोटं सांभाळायचं सोडून स्वतःच दोरावर पालथे पडले.

राजे हसता हसता गादीवर आडवे झाले. डोळे पुसत म्हणाले, "बक्षी, एका हातानं चोर घट्ट धरा, आणि दुसऱ्या हातानं भिवाचा दुप्पट पगार मोजा!"