अंगणाखालची वीट

एकदा एका वृद्ध वायरमनकडे, दूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला एक तरुण काम शिकायला राहिला. वृद्धाला सारे गाव अण्णा म्हणे. तरुणाला विजेची सगळी सूत्रे पाठ होती. पण स्वतःच्या हाताने त्याने कोणाच्याही घरात दिवा लावला नव्हता, आणि आता त्याला तेच करायचे होते.

त्या गावात केशरबाईंनी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला रेशमाच्या अळ्यांसाठी शेड उभारली होती. आदल्या उन्हाळ्यात उष्म्याने त्यांच्या सगळ्या अळ्या मेल्या होत्या. नव्या अळ्या तिसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या आणि तोवर शेडमधले कूलर चालू व्हायला हवे होते. याही खेपेला अळ्या गेल्या तर शेडला कायमचे कुलूप लावायचे, असे त्यांनी ठरवले होते. तुतीच्या पाल्याने भरलेल्या गाड्या अंगणातूनच जात, म्हणून वीज घरातून शेडपर्यंत जमिनीखालून न्यायची होती.

अण्णांनी दोन हात खोल चर खणायला सांगितला. तळाशी वाळू, वाळूवर केबल, केबलवर पुन्हा वाळू आणि तिच्यावर एका ओळीत विटा. तरुणाने वाद घातला. केबलला पोलादी कवच आहे, ते तिला पुरेसे सांभाळील, मग विटांचा हा सोपस्कार कशाला? अण्णा एवढेच म्हणाले, "तू वीट घाल."

दुसऱ्या दिवशी अण्णा घरात बोर्ड जोडत होते आणि तरुण बाहेर चर बुजवत होता. शेड दहा हातांवर आली आणि विटा संपल्या. भट्टी नदीपलीकडे होती. तरुणाने विचार केला, हे चोपून टणक केलेले अंगण. इथे कोण कशाला खणणार? त्याने तेवढ्या भागावर नुसती माती लोटली, पाणी मारले, धुमसाने ठोकून जागा सपाट केली.

दुपारी अण्णांनी मेन स्विच चालू केला. शेडमधले कूलर घरघरले, गार वारा सुटला. केशरबाई दारात उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे टिपून दोघांच्या हातावर गूळ ठेवून गेल्या. तरुणाला आकाश ठेंगणे झाले.

तेवढ्यात अण्णांनी मेन स्विच बंद केला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि केशरबाईंचे दीर रंगनाथ यांच्या हाती दिली. घरात त्यांच्या मुलीचे लग्न चार दिवसांवर होते. अण्णांनी त्यांना विचारले, तुमच्याकडे मुहूर्तमेढ कुठे रोवतात? मांडवाच्या त्या पहिल्या खांबाचा खड्डा आत्ताच घ्या.

सगळे चकित झाले. मुहूर्त नसताना मेढीचा खड्डा? रंगनाथ हसून म्हणाले, "अण्णा, तुम्हाला लग्नाची आमच्यापेक्षा घाई दिसते." पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून ते निघाले. ते शेडच्या दाराजवळ गेले, जिथे त्यांच्या आजोबांच्या काळापासून या घराची प्रत्येक मेढ रोवली गेली होती. ती जागा तरुणाने सपाट केलेल्या दहा हातांत होती.

तरुण त्यांच्या मागोमाग गेला. वीज बंद होती, म्हणजे कोणाला इजा होणार नव्हती. तो गप्प राहिला असता तर कदाचित पहार केबलच्या बाजूने निसटली असती आणि कोणाला काही कळले नसते. रंगनाथांनी पहार डोक्यावर उचलली.

"काका, थांबा," तरुण म्हणाला. "तिथे मी वीट घातलेली नाही."

पहार हवेतच थांबली. अण्णा रागावले नाहीत.

"विटा संपल्या हे मला सकाळीच दिसलं होतं," ते म्हणाले. "अरे, तू म्हणतोस तसं, कवच केबलला सांभाळीलही. वीट केबलसाठी नाहीच. ज्याच्या हातात पहार आहे त्याच्यासाठी आहे. आज तू इथं होतास म्हणून थांबा म्हणालास. दहा वर्षांनी तू दुसरीकडे असशील, मी तर नसेनच. तेव्हा याला थांब कोणी म्हणायचं?"

तरुणाने मान खाली घातली आणि कुदळ उचलली. जेवणावळीच्या चुलीसाठी रचलेल्या विटा केशरबाईंनी स्वतः काढून दिल्या. चूल उद्या मांडू म्हणाल्या. रंगनाथांनीही बाह्या सरसावल्या. दिवस मावळायच्या आत शेवटची वीट बसली आणि सकाळी अळ्या आल्या त्या थंड शेडमध्ये.

मेढीच्या दिवशी नवरीचे मामा परगावाहून आले. लग्नघराच्या गडबडीत कोण कोणाला काय सांगणार? अंगणात पाहुणे, शेडमध्ये कूलर चालू, आणि या घरच्या मेढीची जुनी जागा ठाऊक असलेल्या मामांनी पहार घेऊन नेमक्या त्याच ठिकाणी खणायला सुरुवात केली. तरुण शिडीवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होता. त्याची नजर गेली तोवर खड्डा दीड हात खोल झाला होता. तो ओरडणार, एवढ्यात खण्णकन आवाज झाला.

मामा थांबले. वाकून त्यांनी हाताने माती सारली. ओळीत बसवलेल्या विटा पाहिल्या, एकदा शेडकडे आणि एकदा घराकडे पाहिले.

"खाली वीज आहे वाटतं. कोणीतरी शहाण्या माणसाने काम केलंय," ते म्हणाले, आणि दोन हात बाजूला सरकून त्यांनी नवा खड्डा घेतला.

मेढ उभी राहिली, सनई सुरू झाली. तरुणाने वरूनच नजरेने अण्णांना शोधले. ते पंगतीच्या कडेला सुपारी कातरत बसले होते आणि त्यांनी वर पाहिलेही नाही. तरुण शिडीवरच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी शहाणा म्हटले होते, आणि म्हणणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नव्हते. पदवीच्या दिवशी वाजलेल्या टाळ्यांहून हा आनंद कितीतरी मोठा होता.

आपण जिथे नसू, तिथे आपल्या वतीने बोलेल एवढे पूर्ण काम करून ठेवावे.