साबणाच्या डबीतलं गाणं

वस्तू अजून बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. बंदरावर साबणाच्या डबीत कुणी घरीच जोडलेला, रेडिओवर गाणी पाठवणारा इवलासा ट्रान्समीटर होता. आवाज चार घरांपलीकडे जाईना, म्हणून डबीने कावळ्याकरवी आपली एरियलची तार माडावर चढवली आणि ती गात सुटली.

खाली होड्या सुटायच्या बेतात होत्या. होडीतला म्हातारा रेडिओ कळवळला, "अगं बाय, गप! वादळाचा सांगावा येतोय, तो ऐकू दे."

"माझा एवढुसा तर आवाज, आजोबा!"

"सांगावा लांबून दमून येतो गं. तू कानाशीच बसलीस."

डबी चपापून गप्प झाली. सांगावा ऐकू आला. होडीवाल्यांच्या म्होरक्याने, तांडेलाने, होड्या वाळूवर ओढून घेतल्या.

"आता गा की," कावळा म्हणाला.

"आधी तार उतरव रे, दादा. ती वर असली की मला गप्प राहवत नाही, नि पुढचा सांगावा माझ्या गाण्यात बुडायचा."