चपलांची रांग

अंगणवाडीच्या दारात बूट काढून बांदलसाहेब तपासणीला आत आले आणि कोरा फळा पाहून भडकले.

"नुसता खेळच चाललाय! मोजणं नाही, जुळवणं नाही. ताई, तुम्हाला काढून टाकायलाच लिहितो."

"लिहा," शेवंताताई म्हणाल्या, "पण खेळ थांबायचा नाही."

साहेब तणतणत दारात आले आणि थबकले. मघाशी विखुरलेल्या चपला कुणीतरी जोडीला जोडी लावून, लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत मांडल्या होत्या. सगळ्यात शेवटी साहेबांचे बूट होते.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणीच नाही," चार वर्षांची मुक्ता म्हणाली. "आम्ही खेळतोय."

शेवंताताईंनी बुटांकडे बोट दाखवलं. "साहेब, फळ्यावर सापडला नाही तो धडा इथं आहे. पायात घाला आणि मग खुशाल लिहा."