पान अकोल्याला वाढलंय

दर्यापूरकरांना 'भरणी बाजार' या मोठ्या किराणा दुकानाचं भारी वेड, पण ते पडलं अकोल्यात. सुरभीची आई दर महिन्याला एसटीने तिथे जायची आणि सुजलेल्या गुडघ्यांनी किराण्याच्या पिशव्या ओढत परतायची. शेवटी सुरभीने गावभर सह्या गोळा केल्या आणि दुकानाच्या कंपनीतल्या गावंडे साहेबांना दर्यापुरात जागा बघायला बोलावलं.

साहेबांनी बसस्टँडजवळची जागा पाहिली, सह्या पाहिल्या आणि सुरभीच्या घरी खुर्चीत रेलून म्हणाले, "तुम्ही सगळे अकोल्याला येताच की, पोरी. मग इथे दुकान काढून आम्हाला काय मिळणार?"

दुपार टळत आली होती आणि आतून भरल्या वांग्यांचा वास येत होता.

साहेबांनी विचारलं, "बरं, जेवणाचं काय?"

"तुमचं पान अकोल्याला वाढलंय, माझ्या मावशीकडे. तुम्ही तिकडे जाताच आहात की."

"अगं, पण भूक इथे लागलीय."

"आम्हालाही इथेच लागते, साहेब."

साहेब पोट धरून हसले. पोरीचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावलेली आई घाईघाईने ताट घेऊन आली.

दुसरी भाकरी मोडताना साहेब म्हणाले, "ती बसस्टँडजवळची जागा कोणाची म्हणालीस?"