पिल्लांवरची मरळ

“मग कोणता टाकू, काकाजी?”

हेमराजनं डबा उघडून डोमाजीपुढे धरला.

डबा कसला, जत्रेतलं बांगड्यांचं दुकान. गळाला बांधायचे रबराचे बेडूक, पत्र्याचे चमचे, काचेच्या डोळ्यांचे खोटे मासे. एक बेडूक तर जांभळा. जांभळा बेडूक देवानं आजवर केला नाही, तो नागपूरच्या कुठल्याशा दुकानदारानं केला.

डोमाजीनं डब्याकडे पाहिलं नाही. तो पाण्याकडे पाहत होता.

“कोणता बी टाक.”

“सकाळपासून सगळे टाकले. चमचा फिरवला, बेडूक ओढला, थांबू थांबू ओढला, मासा तळाशी नाचवला. मरळ हाय काकाजी, मले दिसली. हातभर हाय. बेडकाच्या मागं मागं येते, पाहते, अन् वापस जाते.”

“भूक नसन तिले. भुकेला मासा कशावर बी येते.”

“भूक नसली तरी घ्यायले लावता येते. डिवचायचं. राग आणायचा. मी त्याचे व्हिडिओ टाकतो, लोक पाहतात.”

“मग त्या लोकायले इचार.”

मी बाजूला जाळं सांधत बसलो होतो. हसू आलं, ते दाबलं.

डोमाजी वलथरे हा आमच्या तलावावरचा जुना धीवर. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, त्याची झोपडी, तिला लागून माझी. बायको गेल्यापासून तो बोलणं वाचवून ठेवतो. कोणासाठी, ते त्यालाच ठाऊक. या भागातल्या निम्म्या पोरांना गळ धरायला त्यानं शिकवलं. शिकले आणि गेले. हेमराज दिघोरे त्यातला सगळ्यात हुशार, म्हणून सगळ्यात लांब गेला. नागपुरात मोटारी दुरुस्त करतो. गुरू आठवतो तो काम पडल्यावर. पण तसा तर सगळ्यांनाच आठवतो, एकट्या त्याला काय बोलायचं.

हेमराजनं डबा मिटला. खाली बसला.

“तुमी एक गोष्ट मले दिली नाही, काकाजी.”

डोमाजीनं मान वळवली.

“रोहूले कणकेचा गोळा दिला. वामीले गांडूळ दिलं. मरळीले जिता बेडूक कसा पाण्यावर टपटप करायचा, ते हात धरून दाखवलं. पण कधीच न चुकणारा चारा तुमच्यापाशी हाय. मी लहान होतो तवापासून ऐकतो. तो तुमी राखून ठेवला.”

“हो,” डोमाजी म्हणाला. “ठेवला.”

“आज सांगा.”

“आजच काहून?”

…

“आज तं तू अड्याळले जाणार होता,” डोमाजी म्हणाला.

हे साऱ्या गावाला माहीत होतं. हेमराजची बायको मागच्या साली तापानं गेली. पोरगी त्रिवेणी, दुसरीत आहे, तेव्हापासून अड्याळला मामाकडे. तो मामा, ताराचंद, आता बिऱ्हाड उचलून सुरतेला कामाला निघाला होता. संध्याकाळची गाडी. त्यानं निरोप धाडला होता की पोरगी ठेवायची असेल तर आज येऊन घेऊन जा, नाहीतर आम्ही तिला नेतो, मग वर्षवर्ष भेट नाही.

हेमराज सकाळी अड्याळच्याच बसमध्ये बसला होता. आणि आमच्या फाट्यावर उतरला. खांद्यावर काठी होती, हातात डबा. म्हणजे घरून निघतानाच त्याला ठाऊक होतं कुठं उतरायचं ते.

“जाऊन काय करू?” हेमराज म्हणाला. “तिथं तिले भावंडं हायेत. मामी हाय. घर भरलेलं हाय. माझ्यापाशी काय हाय?”

“काय हाय?”

“काहीच नाही.”

एक बगळा उडाला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“वेणी घालता येत नाही मले,” हेमराज म्हणाला. “माझ्यापाशी आली का रात्री उठून बसते. आईले हाका मारते. मी आपला दिवा लावून उभा राहतो. काय सांगू तिले?”

याचं उत्तर डोमाजीकडे असतं तर त्यानं आधी स्वतःला दिलं असतं.

“मरळ द्या मले, काकाजी. एवढी एक द्या. मग मी जातो.”

“कुठं?”

…

डोमाजी उठला. गुडघे धरून उठला, शिवी देऊन उठला. पाळीवरून चालू लागला. हेमराज काठी घेऊन मागं. मीही निघालो. जाळं काही पळून जात नव्हतं.

तलावाच्या कोपऱ्यात बेशरमाची झाडी आहे. तिथं पाणी थोडं, गाळ फार. डोमाजी थांबला. बोट दाखवलं.

एवढ्याशा जागेत पाणी उकळत होतं. चुलीवर तुरीची डाळ उकळावी तसं. तांबूस ठिपके वर येत, हवा घेत, खाली जात, पुन्हा वर येत. मरळीची पिल्लं. किती ते देव जाणे, पण एकमेकांना धरून अशी की सगळी मिळून सुपाएवढी. ते सूप हळूहळू काठाकाठानं सरकत होतं.

त्यांच्या खालचं पाणी काळं होतं. काळं होतं म्हणजे रिकामं नव्हतं.

हेमराजला खालची मरळ दिसली. त्याचा चेहरा बदलला.

“पिल्लायवर?” तो हळू म्हणाला. “तुमीच तं म्हणत होते, पिल्लायवर गरी टाकू नये.”

“म्हणत होतो.”

“काहून, ते कधी सांगितलं नाही.”

“चुकत नाही म्हणून.”

…

“म्हणजे हाच तो चारा?”

“तुले न चुकणारा पायजे होता.”

मला डोमाजीचा राग आला. श्रावण लागला, पिल्लांचे दिवस आले की हा माणूस स्वतःची काठी वळचणीला खोचतो, ती पाऊस सरल्यावर काढतो. पिल्लांवरची मरळ आमच्यात कोणी धरत नाही. कोणी धरलीच तर त्याच्या घरची बाई ती चुलीवर चढवत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि हा म्हातारा या गाढवाला बोट दाखवतो? मी बोलायला तोंड उघडलं. डोमाजीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

तेवढ्यात हेमराजच्या खिशात फोन वाजला.

त्यानं नाव पाहिलं. वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. मग त्यानं कानाला लावला.

या फोनांचा आवाज फार मोठा असतो. नको ते सगळ्यांना ऐकू येतं.

“बाबा, तुमी निघाले का?”

हेमराजनं एकदा पाण्याकडे पाहिलं. ठिपके थोडे पुढं सरकले होते.

“बाबा? मी तयार होऊन बसली.”

“बेटा… बाबा कामात हाय. मामाले दे.”

मामा यायच्या आत त्यानंच फोन बंद केला.

आम्ही दोघं म्हातारे कुठं बघावं ते न कळून बेशरमाची फुलं बघत होतो.

हेमराजनं डबा उघडला. या खेपेला त्यानं निवडलं नाही. हाताला आला तो बेडूक बांधला. तोच जांभळा. उभा राहिला. दोनदा काठी मागं नेली, आणि दोन्ही वेळा खाली घेतली.

“टाकू?”

डोमाजी पाण्याकडे पाहत होता.

हेमराजनं टाकला.

फेक चांगली होती. ते कबूल केलं पाहिजे, हात डोमाजीचाच होता. बेडूक पिल्लांच्या पलीकडे पडला. हेमराजनं तो ओढत बरोबर पिल्लांच्या मधोमध आणला आणि थांबवला.

पाणी फुटलं.

वास घेणं नाही, मागं मागं येणं नाही. खालून दगड फेकावा तशी मरळ वर आली. काठी वाकली. दोरा झाडीकडे धावला. हेमराज ओरडला, घसरला, सावरला, ओढत राहिला. मरळ चिखलातून, गवतातून काठावर आली. खरोखर हातभर. काळी, पोटाकडे पांढरी, डोकं सापाचं.

“एका फेकीत! काकाजी, एका फेकीत!”

तो नाचत होता. सकाळपासूनचा सगळा अपमान त्याच्या अंगावरून उतरला होता. त्यानं मोबाइल काढला, मरळीवर धरला.

“भूक होती तिले?” डोमाजीनं विचारलं.

“भूक कायची!”

“बेडूक खरा वाटला असन?”

“जांभळा बेडूक? नाही जी.”

“मग काहून आली?”

हेमराज हसला. जरासा ओशाळून हसला.

“पिल्लायसाठी. आईचं काळीज हाय, काकाजी. आपल्यापाशी कुठून येईन तसं? ते आईपाशीच असते.”

डोमाजी खाली बसला. हात पाण्यात ओले केले. मरळ दोन्ही हातांत घेतली, ओल्या गवतावर उलटी केली. पोटाखाली अंगठा फिरवला, एकदा, सावकाश. मग पुन्हा सुलटी केली.

“आई नाही हे,” तो म्हणाला. “बाप हाय.”

हेमराजचा मोबाइल धरलेला हात तसाच राहिला.

मरळ तोंड उघडून हवा घेत होती. मरळीला हवेवर जगता येतं, दम मोठा असतो तिला. लगेच मरत नाही.

…

“मग आई?”

“असन कुठं. नसन बी.”

हेमराजनं मान वळवली. पाण्यावरचं ते सूप फुटलं होतं. ठिपके इकडे दोन, तिकडे चार, काही थेट उघड्या पाण्यात. कुठं जायचं ते त्यांना कळत नव्हतं. मोठ्या पाण्याकडून एक पाणकावळा आला. बुडी मारली. वर आला तो जवळ आला. पुन्हा बुडी मारली.

“खाते तो,” हेमराज म्हणाला.

डोमाजीनं मान हलवली.

“काकाजी, तो खाऊन राहिला!”

“हं.”

“सोडू का?”

“मले कायले इचारतो? मासा तुझा.”

हेमराज गुडघ्यांवर आला. गळ काढायला लागला. गळ खोल बसला होता. असले विकतचे गळ दोन दोन काट्यांचे असतात, बसले की निघत नाहीत. मोटारी उघडून ठेवणारी बोटं, पण एक ओठ सोडवता येईना. शेवटी निघाला. ओठ एका बाजूनं फाटला. रक्त आलं.

बूट न काढता तो पाण्यात शिरला. गाळात पाय रुतत होते. कमरेइतक्या पाण्यात गेला आणि पाणकावळ्यावर ओरडला, “हाड! हाड!”

पाणकावळ्याला कुत्र्यासारखं हाकलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण पाणकावळा उडाला.

हेमराजनं मरळ पाण्यात धरली. पिल्लांच्या जवळ, जितकं जाता येईल तितकं जवळ. हात उघडले.

मरळ त्याच्या तळव्यांवर थांबली. कल्ले हलले. मग शेपटीचा एक फटका, आणि गेली. पिल्लांकडे नाही. सरळ आत, मोठ्या पाण्यात.

हेमराज तिथंच उभा.

…

पाणी गढूळ होतं ते निवळत गेलं. ठिपके वर येत होते, खाली जात होते. तो मोजत नव्हता, नुसता पाहत होता. मला वाटलं, हाक मारावी. मारली नाही. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हाक मारून काय सांगायचं?

“गेला तो,” हेमराज म्हणाला. पाठ आमच्याकडेच होती.

डोमाजी काठावर बसला होता.

“घाबरला असन. ओठ फाटला त्याचा. माझ्या हातानं फाटला.” त्यानं तोंड पुसलं, हाताला चिखल होता, तो तोंडाला लागला. “काकाजी, आता येईन का तो? येते का असा मासा वापस?”

…

“सांगा ना. तुमी साऱ्या जिंदगीत पाहिलं असन. येते का?”

फाट्याकडून बसचा भोंगा ऐकू आला. अड्याळची दुपारची बस. ती आधी खालच्या गावात जाऊन येते, मग फाट्यावर माणसांसाठी थांबते. फार थांबत नाही.

हेमराजनं मान वर केली. रस्त्याकडे पाहिलं. मग परत पाण्याकडे.

डोमाजीनं मांडी घातली. पंचा डोक्यावर घेतला. बराच वेळ बसायचं असलं की घेतो तसा.

“तू नीघ गा,” तो म्हणाला. “तो येते का नाही, मी पाहतो बसून.”