नुसते लागलेले दार

फार पूर्वी अश्मक देशात, गोदावरीकाठच्या पोतली नगरात एका राजाचे राज्य सुरळीत चालले असताना, बोधिसत्त्वाने कांबळी विणणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. हात चांगला आणि डोके शांत, म्हणून वय फार नसतानाही विणकरांच्या श्रेणीने त्याला आपला प्रमुख केले होते. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची पंचायत. गल्लीतले भांडण तिथेच मिटे, आणि कोणाला कामावर घ्यायचे हेही तिथेच ठरे.

त्या नगरात बंदिशाळेतून सुटलेल्या माणसाची एक अडचण होई. घर मागायला गेला की घरवाला विचारी, "कामाला कुणाकडे आहेस?" काम मागायला गेला की धनी विचारी, "राहतोस कुठं?" दोघांचेही प्रश्न रास्तच होते, आणि दोघांमध्ये माणूस फिरत राही. अमावास्येला नगररक्षक गल्ल्या पाहत. ज्याला घर नाही आणि धनीही नाही, त्याला वेशीबाहेर काढीत आणि पुन्हा आत घेत नसत. वेशीपलीकडे रान होते. रानातले दरोडेखोर मात्र काहीच विचारत नसत. तिथे जेवण, निजायला जागा आणि काम, तिन्ही एकदम मिळे. मग तोच माणूस पुन्हा बंदिशाळेत येई, आणि नगरातले लोक म्हणत, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

कंदर नावाचा एक माणूस असाच सुटून आला. दुष्काळात त्याने व्यापाऱ्यांच्या तांड्यातली धान्याची पोती पळवली होती. चोरी त्याने कबूल केली होती आणि शिक्षाही पुरी भोगली होती. आत गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होते, बाहेर आला तेव्हा दाढी पांढरी होऊ लागली होती. अमावास्येच्या आदल्या दिवशी तो विणकरांच्या गल्लीत शिरला, तेव्हा बाकीचे सगळे नगर फिरून झाले होते.

बोधिसत्त्वाने त्याला त्या दोन्हीपैकी एकही प्रश्न विचारला नाही. तो म्हणाला, "चिंचोके भरडता येतील?"

"शिकवलंत तर येतील, स्वामी."

कांबळ्याच्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावावी लागते, तेव्हा कुठे सूत ताठ राहते. चिंचोके भिजवणे, वाटणे, शिजवणे हे चिकट काम गल्लीत कोणालाच आवडत नसे. बोधिसत्त्वाने कंदरला ते काम दिले आणि निजायला आपली पडवी दिली. दोन्ही एकाच वेळी दिले, कारण एक आधी आणि दुसरे मग असे म्हणत बसले की माणसाला कोणतेच मिळत नाही, हे तो बरीच वर्षे पाहत आला होता.

श्रेणीत कुरकुर सुरू झाली. सुयाम हा गल्लीतला सर्वांत वडीलधारा विणकर. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरी एकदा चोरी झाली होती. तो म्हणाला, "प्रमुखा, चिंचोके ज्या कोठारात, त्याच कोठारात राजवाड्याची कांबळी आहेत. उद्या ती गेली तर?"

"तर काका, माझा माग श्रेणीत जमा करा आणि कंदरला वेशीबाहेर घाला. हमी माझी."

यावर सगळे गप्प बसले. गप्प बसले म्हणजे अगदीच गप्प बसले. कंदरशी कोणी शब्द बोलेना. खळ चांगली होत होती, ताणे ताठ राहत होते, पण काम सांगण्यापलीकडे त्याच्या वाट्याला काही येत नसे.

एके दिवशी बोधिसत्त्व लोकर धुवायला नदीवर गेला होता. एरवी चिंचोके तोच काढून देई, म्हणून त्या सकाळी सुयामने कंदरला पहिल्यांदाच कोठारातून ते आणायला पाठवले. कंदर गेला तो परत आलाच नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा सुयाम स्वतः कोठाराशी गेला. त्या कोठारात उंदरांचा त्रास फार, म्हणून दार असे बसवले होते की हात सोडला की आपोआप लागे. आत जाणारा माणूस उजेडासाठी दाराला दगड लावून ठेवी. दगड लावलेला नाही म्हणजे आत कोणी नाही, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. दार लागलेले पाहून सुयाम बाहेरूनच परत फिरला आणि म्हणाला, "गेला."

मग काय, जो तो सांगू लागला की मला पहिल्या दिवसापासूनच संशय होता. कोणी कंदरला वेशीकडे धावताना पाहिले होते. कोणी त्याच्या खांद्यावरचे गाठोडेही पाहिले होते. नगररक्षकाला बोलावणे गेले. तो म्हणाला, सापडला की नगराबाहेर, यात विचारायचे काय?

एवढ्यात बोधिसत्त्व ओली लोकर घेऊन आला. सगळे एकदम बोलू लागले. त्याने ऐकून घेतले. त्याच्या मनात शंका आलीच नाही असे नाही. आली, आणि त्याला आपल्या मागाचीही आठवण झाली. मग त्याने विचारले, "काका, त्याला पाठवलं कुठं होतं?"

"कोठारात."

"मग कोठारात कोण बघून आलं?"

"दाराला दगड नव्हता ना."

"दगड लावायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं होतं?"

सांगायचे तर आधी त्याच्याशी बोलावे लागले असते.

बोधिसत्त्वाने जाऊन दार ढकलले. दिवसा त्याला कडीही नसे. आत झरोक्याच्या उजेडात कंदर जमिनीवर बसला होता, मांडीवर चिंचोक्यांची भरलेली टोपली. राजवाड्याची कांबळी जागच्या जागी होती. दार उघडताच तो उठला, टोपली खाली ठेवली, आणि मान खाली घालून दोन्ही हात बांधायला पुढे केले.

सुयाम ओरडलाच. "अरे, दार नुसतं लागलं होतं! ओढलं असतंस तर उघडलं असतं. निदान हाक तरी मारायचीस!"

"हाक मारली की मार बसतो," कंदर म्हणाला. "दार लागलं की बसायचं. कुणीतरी उघडतं. उशीर होतो, पण उघडतं."

सुयामचा राग तिथेच विरला आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. नगररक्षकाने कांबळी मोजली आणि तो निघून गेला. लोक कंदरला म्हणू लागले, "ये, बाहेर ये." बोधिसत्त्व मात्र उंबरा ओलांडून आत गेला आणि त्याने हात सोडला. दार त्याच्यामागे लागले.

"कंदरा, मला बाहेर जायचंय. लोकर ओली पडली आहे. दार उघड."

"मी?"

"तूच. मी उघडणार नाही."

"आणि कुणी रागावलं तर?"

"मी तुझ्याबरोबरच आहे की."

बराच वेळ काही झाले नाही. बाहेर सुयामने एकदा दाराकडे हात नेला, पण मागे घेतला. मग दार थोडे हलले आणि पुन्हा लागले. पुन्हा हलले, आणि पुरते उघडले. कंदर उंबऱ्यावर उभा होता. दोन्ही हातांनी त्याने दार धरून ठेवले होते, मागून येणाऱ्या बोधिसत्त्वासाठी. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

त्यानंतर विणकरांच्या श्रेणीने ठरवले की सुटून येणाऱ्यासाठी गल्लीत एक खोली आणि एक काम कायम राखून ठेवायचे. पुढच्या माणसाची हमी सुयामने घेतली. सगळेच टिकले असे नाही. एकजण कांबळे घेऊन पळालाही. श्रेणीने ते सोसले, पण खोली मोडली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती विहारात. बंदिशाळेतून सुटून संघात आलेल्या एका नव्या भिक्षूला पंगतीत आपल्याजवळ कोणी बसू देत नव्हते, म्हणून सांगितली. कथा संपवून ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कंदर म्हणजे हा मागे उभा असलेला नवा भिक्षू. आणि सुयाम म्हणजे हा तुमचा वृद्ध स्थविर."

स्थविर उठला, आपल्या शेजारची जागा त्याने हाताने झाडली आणि नव्या भिक्षूला खूण केली.

तो बसेपर्यंत शास्ते थांबले. मग म्हणाले, "आणि विणकरांचा प्रमुख मी होतो. यालाच मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला मैत्रीभाव, म्हणतात."